तांदळाच्या डब्यातली डिस्क

खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघितल्याशिवाय ते तिच्यावर बसत नसत. चहा आला की आधी कपावर बशी पालथी घालत, आणि आणणारा जिना उतरून गेला की मग पीत. कुणी सहज म्हणालं, "आज उकडतंय," तरी पापणी न हलवता विचारत, "कशावरून?"

मिरजेच्या ज्या हॉस्पिटलात मी प्रशासन अधिकारी होतो, तिथं ते कॉम्प्युटर विभाग सांभाळत. गाव कुंडल. सैन्यात सिग्नलमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना हवालदारच म्हणत. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा ते माझ्यामुळे नोटीस बोर्डावर लागलं, तेवढं पुरे झालं.

मी आता साताऱ्यात मुलाकडे असतो. नोकरी सुटून आठ वर्षं झाली. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत माझी ओळख 'सरळ माणूस' अशी आहे. कुणी तसं म्हणालं की हल्ली मला त्याच्याकडे बघवत नाही.

हॉस्पिटलचा स्वतःचा क्लाउड होता. ट्रस्टींना हा शब्द फार आवडायचा. प्रत्यक्षात तळमजल्यावरच्या थंड खोलीत दोन कपाटांएवढी यंत्रं होती. त्यांच्या पोटात सोळा कॉम्प्युटर चालत, पण हाताला एकही लागत नसे. रक्तपेढीचा एक, ओपीडीचा एक, एक्स-रेचा एक. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हे मला हवालदारांनीच सांगितलं.

"सायेब, एका रानात सोळा वाफं समजा. बांध दिसत न्हाईत, पण ह्याचं पाणी त्याच्यात जात न्हाई. पण रानच वाहून गेलं तर सोळाच्या सोळा गेलं. म्हणून बेणं बाजूला काढून ठिवायचं."

बेणं म्हणजे त्या सोळा यंत्रांच्या प्रती. दर रविवारी त्या काढघाल करता येणाऱ्या दोन डिस्कवर उतरवल्या जात. काम झालं की पडद्यावर हिरवी खूण येई. आमच्याकडे पुण्याहून येणारा कंपनीचा इंजिनियर एकदा ती खूण दाखवून म्हणाला, "हिरवं आहे ना काका, मग झालं की."

"हिरवं तर गाजरगवत बी असतंय," हवालदार म्हणाले. "उगवून दाखवा."

उगवून दाखवायची त्यांची पद्धत अशी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डिस्कवरची एखादी प्रत घेत आणि आमच्याच क्लाउडच्या एका कुंपण घातलेल्या कोपऱ्यात, बाकी कशाशी संबंध येणार नाही अशी, पुन्हा उभी करत. मशीन जागं झालं, पासवर्ड मागितला, की ते आत जाऊन स्वतःचं नाव शोधत. हर्नियाचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं होतं. वय, वजन, उजवी बाजू, टाके किती, सगळं बोट लावून वाचत.

"मी हाय," म्हणत. "म्हंजे बाकीची बी असतील."

मग ते उभं केलेलं मशीन बंद करून पुसून टाकत आणि वहीत सही करत. त्या सहीखाली दुसरी सही माझी असे. मी बऱ्याचदा न बघताच करायचो.

डिस्क स्टीलच्या कपाटात कुलपात असत. शिवाय कपाटाच्या दोन्ही कड्यांतून सुतळी ओवून ते एक गाठ मारत, सैन्यात शिकलेली. रोज सकाळी बॅटरी मारून ती बघत. महिन्यातून दोनदा तरी माझ्या खोलीत येऊन सांगत, "सायेब, गाठ बदलल्यावानी वाटतीया." बघायला गेलं की झाडूचा दांडा लागलेला असे, नाहीतर काहीच नसे. मग गाठीचं त्यांनी काढलं की आम्ही हसायला लागलो.

किल्ल्या तीन. एक त्यांच्याकडे, एक अडीअडचणीसाठी माझ्या टेबलाच्या खणात, आणि तिसरी इलेक्ट्रिशियनकडे, कारण एसीचे फ्यूज त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असत. हे इलेक्ट्रिशियन हवालदारांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हवालदार त्यांना दाजी म्हणत, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना दाजीच म्हणायचं.

"दाजी, किल्ली दाखवा."

"आवं, हाय की खिशात."

"बघू."

"तुमची बहीण मला देताना एवढी चौकशी केली नव्हती तुमी!"

"तवा मी सुट्टीवर नव्हतो. न्हाईतर केली असती."

दोघंही हसत. पण किल्ली बाहेर काढून दाखवल्याशिवाय दाजींची सुटका नसे.

असा हा माणूस माझ्यावर मात्र कधी संशय घेत नसे. कारण अगदी क्षुल्लक होतं. मी पहिल्यांदा सर्व्हरच्या खोलीत गेलो तेव्हा कुणी न सांगता दाराशी चपला काढल्या आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. वर्षभरानं त्यांनी ते बोलून दाखवलं. "लय माणसं बघितली. आत आली की आधी हात लावत्यात. तुमी लावला न्हाई."

खंडेनवमीला आमच्याकडे मोठी पूजा असे. ऑपरेशनची हत्यारं, अँब्युलन्स, एक्स-रेचं यंत्र, सुताराची करवत, स्वयंपाकघरातली विळी, सगळ्यांना हळदकुंकू. आमच्या भागात त्या दिवशी कुठलंच अवजार पूजेवाचून राहत नाही. मी शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी कुळवाच्या एका पासेला फूल राहिलं होतं तर आईनं सगळ्यांना जेवणावरून उठवलं होतं.

त्या वर्षी मी हवालदारांना म्हणालो, "डिस्कही ठेवूया पूजेला. सगळ्या पेशंटांचं त्यात आहे."

"न्हाई सायेब. पाणी, कुंकू, अक्षता, काय बी चालत न्हाई तिला. त्या खोलीच्या दाराला हार घाला."

दाराला हार घातला. हवालदार नवमी आणि दसरा कुंडलला असत. पूजा झाली, ट्रस्टी आले, पेढे वाटले, सगळे गच्चीवर जेवायला गेले. मी खोलीत एकटा राहिलो आणि मला चैन पडेना. सगळ्यांची पूजा झाली आणि जिच्यावर सगळं अवलंबून ती तेवढी राहिली. मी खणातून किल्ली काढली.

सुतळी सोडली. आत दोन डिस्क होत्या. पाटावर फडकं घालून ठेवल्या, कुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल वाहिलं. छोटा नारळ वाढवला. हात म्हातारा, नारळ नको तिथं फुटला आणि पाणी दोन्ही डिस्कवर सांडलं, थेट पिना असलेल्या तोंडात. मी रुमालानं पुसून काढलं. कुंकूही पुसलं. वरून कोरड्या दिसल्या. परत आत ठेवल्या, कुलूप लावलं, आणि सुतळीला गाठ मारली. भाजीच्या पिशवीला मारतो तशी.

बुधवारी सकाळी हवालदार माझ्या टेबलासमोर उभे. "सायेब, गाठ बदललीया."

"पुन्हा?"

"ह्यावेळी वाटतीया न्हाई, बदललीया. ही माझी गाठच न्हवं. मी दोन्ही डिस्क आत्ता लावून बघतो."

लावून बघितलं असतं तर सगळं तिथंच कळलं असतं. डिस्क गेल्या हे समजलं असतं आणि त्याच दिवशी नवीन प्रत निघाली असती. मला हे तेव्हा कळत होतं का? अर्धवट कळत होतं. पिनांत कुंकू राहिलं असेल, ही भीती मात्र पुरती कळत होती. मी म्हणालो, "सणानंतरची गर्दी आहे. ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही. आज सर्व्हरला हात लावायचा नाही. रविवारी बघा."

"हुकूम?"

"हो, हुकूम."

ते सलाम करून गेले.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला वीज गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खालच्या खोलीतून जळका वास आला. जिथं ती सोळा मशीनं साठवलेली होती ती पेटीच गेली. रक्तपेढीच्या पडद्यावर काही नाही, ओपीडीच्या खिडकीवर रांग. हवालदारांनी कपाट उघडलं. पहिली डिस्क लावली. काही नाही. दुसरी लावली. काही नाही. त्यांनी ती उजेडात धरून पिना बघितल्या. पांढरट गंज चढला होता.

मी मागे उभा होतो. हात पाठीमागे बांधून.

त्यांनी डिस्क खाली ठेवली. मोटरसायकल काढली आणि गेले. ट्रस्टींचे फोन येऊ लागले. एक डॉक्टर माझ्यावर ओरडून म्हणाले, "पळून गेला तुमचा हवालदार!" मी त्यांना खोडून काढलं नाही, कारण तसं झालं असेल तर बरं होईल असं माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात आलं होतं.

चार वाजायच्या आत ते परतले. पाठीवरच्या पिशवीत तांदळाचा डबा. दार लावून घेतलं, डब्यात हात घालून तिसरी डिस्क काढली, तांदळाचे दाणे झटकले. ही तिसरी प्रत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. दर पहिल्या रविवारी ते ती घेऊन येत, तिच्यावर नवी प्रत उतरवत आणि परत कुंडलला नेत. तांदळात दमट हवा लागत नाही म्हणून डब्यात.

जळलेल्या पेटीच्या जागी त्यांनी एक जुनी, मोकळी पेटी लावली. ती भंगारात काढा असं मी त्यांना दोनदा लिहून दिलं होतं. मग मशीनं एकेक करून परत आणायला सुरुवात केली. आधी ते, जे सगळ्यांची नावं आणि पासवर्ड ओळखतं. मग कुठलं, यावरून डॉक्टर भांडायला आले.

"आधी एक्स-रे द्या."

"आधी रक्त. एक्स-रे काचंवर धरून बी दिसतोय."

"मी सांगतोय ना!"

"तुमी सांगताय ते ऐकलं. आता बाहेर उभं ऱ्हावा. चपला घालून आलाय."

प्रत्येक मशीन आधी त्या कुंपणातल्या कोपऱ्यात उभं केलं, तपासलं, मग सगळ्यांत सोडलं. ओपीडीचं जागं झालं तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःला शोधलं.  या वेळी पडद्याला हात लावून माझ्याकडे बघितलं आणि हसले. रविवारी दुपारपर्यंत सोळाही मशीनं चालू होती. मधले तीन आठवडे तेवढे गेले. ते कारकुनांनी केसपेपरवरून पुन्हा भरले.

हॉस्पिटल त्या माणसानं पुन्हा उभं केलं, आणि पंधरा दिवसांत त्याचीच चौकशी लागली.

चौकशीत दोन ट्रस्टी आणि मी.

"पेशंटांची माहिती घरी कुणाच्या परवानगीनं नेली?"

"कुणाच्याच न्हाई. परवानगी मागितली असती तर कुठं ठिवलीया ते तुमाला कळलं असतं."

ट्रस्टींना हे लागलं. "आणि कपाटातल्या दोन डिस्क? त्याच मोटरसायकलवरून पावसापाण्यात नेल्या असणार तुम्ही. गंज उगाच येतो?"

"त्या दोन कपाटाभाईर जात न्हाईत. कपाट कुणीतरी उघडलं. माझी गाठ सोडून पिशवीवानी गाठ मारलीवती."

मग ट्रस्टींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला हवं होतं ते एक वाक्य होतं. मी दुसरं म्हणालो. "हवालदार, तुम्हाला महिन्यातून दोनदा गाठ बदललेली दिसते."

दोघेही हसले. चौकशी तिथंच संपली. कामावरून कमी केल्याची नोटीस माझ्या सहीनं निघाली. जाताना ते माझ्या खोलीत आले, खुर्ची हलवली, पण बसले नाहीत. "तुमी हुता म्हणून हे पोलिसात न्हाई गेलं," म्हणाले. "उपकार हायत."

मला वाटलं होतं, पेन्शन आहे, ऊस आहे, त्यांचं काही अडणार नाही. ही समजूत मी सात-आठ वर्षं वापरली. मग गेल्या वर्षी सांगलीच्या विश्रामबागेत एका लग्नात हॉस्पिटलातली जुनी सिस्टर भेटली आणि तिच्याकडून पुढचं कळलं.

तिसरी किल्ली दाजींकडे होती आणि वीज हेही दाजींचंच काम. हवालदारांनी दोन्ही जोडलं. आधी बेणं कुजवलं, मग रान जाळलं. का, याचंही उत्तर त्यांनी शोधून काढलं होतं: मेहुण्याला उठसूट किल्ली दाखवावी लागते याचा राग. त्या वर्षीच्या भाऊबिजेला बहीण ओवाळायला आली. ताम्हण तिच्या हातात, हवालदार पाटावर, आणि त्यांनी शेजारी बसलेल्या दाजींना विचारलं, "किल्ली कुणाला दिलीवती, ते आज सांगा." बहिणीनं ताम्हण खाली ठेवलं, चपला घातल्या आणि नवऱ्याला घेऊन गेली. तेव्हापासून कुंडलचं माहेर तिला बंद. की तिनं ते बंद केलं. दोन्ही खरं असेल.

हे ऐकल्यावर मी कुंडलला गेलो. त्यांनी ओळखलं, ओसरीवर बसवलं. केस सगळे पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ.

मी म्हणालो, "ते कपाट मी उघडलं होतं."

"कशावरून?"

मी सगळं सांगितलं. खण, किल्ली, पाट, झेंडू, नारळ, रुमाल. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"गाठ कसली मारलीवती?"

"पिशवीची."

"ते मी चौकशीत सांगितलंवतं. तुमी तिथं बसलावता."

"नारळाचं पाणी? ते तर तुम्ही नव्हतं सांगितलं."

"ते ज्यानं केलं त्याला ठावं असणारच. त्यानं तुमाला सांगितलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "दाजीनं पाठवलंय तुमाला. तिला आता माहेर आठवाय लागलंय. आन् तुमी भले. दुसऱ्याचं अंगावर घ्यायला निघालाय."

"मी भला माणूस नाही, हवालदार."

"ते मी ठरीवणार." ते उठले. "आवं, मी कुणाला सोडला न्हाई. सख्ख्या भनीच्या दाल्ल्याला सोडला न्हाई. एक तुमाला बाजूला ठिवलंवतं. तुमी असं केलं असं मानायचं, तर मग मी काय ओळखलं माणसांत?"

मी उठून चपला घातल्या. फाटकापर्यंत त्यांच्या मंडळी आल्या. हळूच म्हणाल्या, "मला पटतंय तुमचं. पण माझं ऐकत्यात व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी मी विश्रामबागेत दाजींच्या घरी गेलो. त्यांची बायको दारात उभी राहूनच ऐकत होती. मला आत या म्हणाली नाही. दाजींनीच हाताला धरून आत घेतलं. सगळं ऐकून त्यांनी पंखा वाढवला.

"मी न्हाई केलं हे मला ठावं हुतं," ते म्हणाले. "पण सायेब, एवढी वर्षं मी माझीच किल्ली आठवाय लागलोय. कवा पडली हुती का, कवा टेबलावर राहिली हुती का. मलाच माझा संशय याय लागलावता."

त्यांची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दादाला तोंडी सांगून उपेग न्हाई. छापलेलं असलं की त्यो पेन्सिल घेऊन तीनदा वाचतो. चूक सापडली न्हाई तर गप बसतो. तुमी लिवा. आन् निम्मं लिवू नगा."

म्हणून लिहिलं. निम्मं लिहिलेलं नाही.

हवालदार, पेन्सिल घेऊन वाचा. कपाट मी उघडलं, माझ्या खणातल्या किल्लीनं. दाजी तेव्हा सगळ्यांबरोबर गच्चीवर जेवत होते. नारळाचं पाणी माझ्या हातून सांडलं. बुधवारी तुम्हाला डिस्क लावू दिली नाही, ती नुसती चूक नव्हती. ते मी मुद्दाम केलं. शुक्रवारी वीज आल्यागेल्यानं पेटी जळली, त्यात कुणाचाच हात नव्हता. चौकशीत तुम्ही बोललात त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तिघांत ते माहीत असलेला मी एकटा होतो. माणसं ओळखण्यात तुमची चूक एकदाच झाली, ती माझ्या बाबतीत.

दाजी आता रिटायर झालेत. दिवसभर घरीच असतात.